मज्जारज्जूचा दुर्मीळ जंतुसंसर्ग : वाचकांचे प्रश्न

मज्जारज्जूला येणाऱ्या सुजेविषयी, म्हणजे मायलायटिसविषयी, या सदरात मागे लिहिले होते. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रे एकाच ठिकाणी अडलेली दिसली. सूज आहे हे एमआरआयमध्ये दिसले, मग ती जंतूमुळे आली की आणखी कशामुळे, हे सांगायला डॉक्टरांना इतके दिवस का लागतात, असे या वाचकांनी विचारले आहे. त्यातले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. कोणाच्याही रिपोर्टवरून इथे निदान केलेले नाही. रुग्णाला हात न लावता मज्जारज्जूचा आजार ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

प्रश्न : माझ्या ३८ वर्षांच्या भावाचे पाय चार दिवसांत लुळे पडले आणि लघवी तुंबली. पहिल्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढला, तो नॉर्मल आला. दुसऱ्यांनी संपूर्ण पाठीचा काढायला लावला, तेव्हा छातीच्या पातळीवर मज्जारज्जूला सूज दिसली. पहिला एमआरआय चुकला होता का? आणि आता "संसर्ग असू शकतो, नसूही शकतो" असे सांगतात, त्यातून आम्ही काय समजायचे?

उत्तर : पहिला एमआरआय चुकला नव्हता, तो चुकीच्या जागेचा काढला गेला. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याखाली नुसता नसांचा जुडगा असतो. म्हणजे कमरेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूचे जेमतेम शेवटचे टोक दिसते. पाय गेले म्हणून बोट कमरेकडे जाते, हे स्वाभाविक असले तरी पायांकडे जाणारी प्रत्येक आज्ञा मान आणि छाती ओलांडूनच खाली येते, आणि ती वाटेत कुठेही अडू शकते.

ती कुठे अडली आहे हे शोधायचे साधन फार साधे आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगून एक टाचणी मांडीपासून हळूहळू वर टोचत न्यायची आणि "आता नीट टोचल्यासारखे कुठे वाटते?" असे विचारत राहायचे. बेंबीच्या रेषेत टोचणी कळू लागली, तर ती रेषा छातीच्या दहाव्या नसेची असते. स्तनाग्रांच्या रेषेत कळू लागली, तर चौथ्या नसेची. सूज या रेषेच्या पातळीवर किंवा तिच्याही वर असू शकते, म्हणून एमआरआय मानेपासून खालपर्यंत संपूर्ण काढावा लागतो, आणि शक्यतो चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून औषध देऊन काढावा लागतो. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, ही रुग्णाची तक्रार अनेकदा गॅस किंवा पित्त म्हणून सोडून दिली जाते. प्रत्यक्षात ती टाचणीइतकीच बोलकी असते.

संपूर्ण एमआरआय आधी काढायचे दुसरे कारण तातडीचे आहे. बाहेरून काही दाबते आहे का, म्हणजे पू, गाठ, सरकलेली चकती किंवा क्षयरोगाने खचलेला मणका, हे त्यात आधी पाहतात. दाब असेल तर पुढची चर्चा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी आणि त्याच दिवशी करावी लागते.

आता "असू शकतो, नसूही शकतो" या उत्तराकडे येऊ. ही टाळाटाळ नाही. मज्जारज्जूच्या आजारात मी सर्वांत आधी घड्याळ पाहतो. धडधाकट माणूस काही मिनिटांत किंवा तीन-चार तासांत पूर्ण लुळा पडला, तर रक्तपुरवठा तुटल्याची शंका आधी येते. ४ तास ते २१ दिवस या काळात दुखणे वाढत जाऊन शिखराला पोहोचले, तर सुजेचा विचार करतात. २००२ साली तज्ज्ञांच्या गटाने मायलायटिसचे निकष ठरवताना हीच मर्यादा घातली. त्याहून सावकाश, आठवडे-महिने घेत वाढणाऱ्या दुखण्यात क्षयरोग, काही संथ विषाणू, बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता, गाठ आणि मज्जारज्जूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांचा चुकीचा जोड यांचा शोध घ्यावा लागतो.

तुमच्या भावाचे चार दिवस नेमके मधल्या खणात पडतात, आणि सगळी गर्दी याच खणात आहे. जंतू प्रत्यक्ष मज्जारज्जूत शिरला तरी सूज येते, जंतू येऊन गेल्यावर खवळलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जारज्जूवर उलटली तरी येते, आणि जंतूचा काहीही संबंध नसलेल्या आजारांतही येते. यांपैकी एका आजाराची रक्तात सापडणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, २००४ साली ओळखली गेली, तोवर असे कित्येक रुग्ण "विषाणूमुळे झाले असावे" या शेऱ्याखाली जात असत. एमआरआयमध्ये हे तिन्ही प्रकार पांढऱ्या डागासारखेच दिसतात. डाग किती लांब आहे, मधल्या करड्या भागात आहे की कडेला, आवरणे चमकतात का, यावरून अंदाज बांधता येतो, पण अंदाजापलीकडे चित्र जात नाही.

प्रश्न : ताप नसेल तर संसर्ग नाही, असे धरून चालता येईल का?

उत्तर : नाही. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर पू साचतो त्या आजाराची पुस्तकी त्रयी म्हणजे पाठदुखी, ताप आणि पायांतली कमजोरी. तिन्ही लक्षणे एकत्र असलेले रुग्ण थोडेच असतात. बहुतेक जण सुरुवातीला फक्त पाठदुखी घेऊन येतात. एका ठरावीक मणक्यावर बोट ठेवताच कळवळणारा, रात्रीही न थांबणारा ठणका, त्यानंतर वीज चमकल्यासारखी नसेतून जाणारी कळ, मग पायांतली कमजोरी आणि लघवीची तक्रार, आणि शेवटी लुळेपणा, अशा पायऱ्यांनी तो वाढतो. शेवटच्या दोन पायऱ्यांमधले अंतर काही तासांचेही असू शकते. मधुमेह, डायलिसिस, शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नळी, नुकतीच झालेली त्वचेवरची गळवे किंवा पाठीत घेतलेले इंजेक्शन, यांपैकी काही असताना असा ठणका सुरू झाला, तर तापाची वाट पाहू नये. यातले सुमारे दोनतृतीयांश रुग्ण स्टॅफिलोकॉकस ऑरियस या, त्वचेवर सहज राहणाऱ्या जिवाणूमुळे आजारी पडतात.

पू प्रत्यक्ष मज्जारज्जूच्या आत होणे त्याहून कितीतरी दुर्मीळ आहे. १८३० साली त्याचे पहिले वर्णन झाले आणि आजही एखाद्या डॉक्टरच्या अख्ख्या कारकिर्दीत असा एखादाच रुग्ण येतो. लहान मुलांत मात्र एक खूण शोधायला विसरू नये. पाठीच्या मधोमध, बहुधा कमरेच्या खाली, जन्मापासून असलेले टाचणीच्या टोकाएवढे छिद्र, कधी त्यावर केसांचा झुबका. त्या छिद्रातून आतपर्यंत गेलेली बारीक वाट जंतूंना थेट मज्जारज्जूपाशी नेते.

प्रश्न : एमआरआय झालेला असताना पाठीतून पाणी काढायची काय गरज? सुई मज्जारज्जूला लागून माणूस कायमचा अधू होतो असे ऐकले आहे.

उत्तर : ही भीती घराघरांत आहे. उत्तर पुन्हा त्याच शरीररचनेत आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि सुई कमरेच्याच तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून घालतात. तिथे मज्जारज्जू नसतोच. पाण्यात तरंगणारे नसांचे धागे असतात आणि ते सुईपासून बाजूला सरकतात. हाइनरिख क्विंके या जर्मन डॉक्टरने १८९१ साली ही पद्धत सुरू केली, आणि तिचा गाभा अजून तोच आहे. नंतर काही दिवस डोके दुखणे हा सर्वांत नेहमीचा त्रास असतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, मेंदूत दाब वाढलेला असेल किंवा सुईच्या वाटेवरच पू असेल, तर मात्र पाणी काढत नाहीत, कारण बाहेरचा पू सुईबरोबर आत जाऊ शकतो. एमआरआय आधी आणि पाणी नंतर, हा क्रम त्यासाठीच आहे.

हे पाणी, म्हणजे मेरुद्रव, शरीरात एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असते आणि रोज साधारण ५०० मिलिलिटर नवे तयार होते. त्यामुळे दहा-पंधरा मिलिलिटर काढल्याने कोणी कोरडे पडत नाही.

प्रत्यक्ष काय होते ते सांगतो, कारण निदान इथे जुळते किंवा निसटते. रुग्ण कुशीवर झोपतो आणि गुडघे पोटाशी घेतो. सुई आत गेल्यावर थेंब थेंब पाणी तीन किंवा चार नळ्यांत ओळीने धरतात. पहिल्या नळीत लाली असून शेवटची स्वच्छ असेल, तर ते सुईने आलेले रक्त असते. सगळ्या नळ्या सारख्याच लाल असतील, तर आत काही घडले आहे. नळी उजेडासमोर धरून पाहायची माझी सवय अजून गेलेली नाही. स्वच्छ मेरुद्रव नळाच्या पाण्यासारखा दिसतो, गढूळ असेल तर पेशींची गर्दी असते. आणि कधीकधी तो पिवळाधमक येतो आणि नळीतच गोठतो. असे पाणी पाहिले की वरती कुठेतरी वाट बंद झाली आहे आणि प्रथिने खूप वाढली आहेत, हे प्रयोगशाळेच्या आधी कळते. क्षयरोगात आवरणे चिकटून वाट बुजते, तेव्हा हे हमखास आठवावे.

निरोगी मेरुद्रवात दर मायक्रोलिटरमागे ५ पर्यंत पांढऱ्या पेशी असतात, प्रथिने दर १०० मिलिलिटरमागे साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम असतात आणि साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे ६० टक्के असते. म्हणून त्याच वेळी बोटातली किंवा शिरेतली साखरही मोजावी लागते. हे राहून गेले, तर "साखर ४५" या आकड्याला काही अर्थ उरत नाही. मधुमेही माणसाच्या रक्तात त्या क्षणी २५० असेल, तर हीच ४५ फार कमी आहे. पेशी लिंफोसाइट जातीच्या आणि साखर ठीक असेल, तर विषाणूकडे कल जातो. त्याच पेशी आणि साखर घटलेली असेल, तर क्षयरोग आणि बुरशी. न्यूट्रोफिल जातीच्या पेशी असतील तर जिवाणू, पण अपवाद आहेतच. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती पार खालावलेल्या रुग्णात सायटोमेगॅलो विषाणू मज्जारज्जूच्या नसांना धरतो, तेव्हा विषाणू असूनही न्यूट्रोफिलच दिसतात. इओसिनोफिल जातीच्या पेशी दिसल्या, तर परजीवी कृमींचा विचार केल्याशिवाय कागद मिटू नये.

प्रश्न : माझ्या आईच्या मेरुद्रवाच्या रिपोर्टवर "कोणताही जंतू आढळला नाही" असे लिहिले आहे. पेशी मात्र ८० आहेत. मग संसर्ग नाही असेच ना?

उत्तर : रिपोर्टवरच्या त्या ओळीचा नेमका अर्थ असा की, जे शोधले ते, ज्या नळीत शोधले तिथे, त्या दिवशी सापडले नाही. या तिन्ही अटी महत्त्वाच्या आहेत, आणि या सदरातला सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे.

आधी "त्या दिवशी" हा भाग घेऊ. नागिणीचा विषाणू, म्हणजे लहानपणी कांजिण्या करणारा व्हॅरिसेला झोस्टर, नसेत वर्षानुवर्षे झोपून असतो आणि उतारवयात जागा होऊन मज्जारज्जूपर्यंत जाऊ शकतो. दुखणे सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत त्याचा जनुकीय अंश पीसीआर चाचणीत मिळतो. पुढे तो मिळेनासा होतो, पण त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे मेरुद्रवात मिळतात. म्हणून दहाव्या-बाराव्या दिवशी काढलेल्या पाण्यात नुसती पीसीआर केली आणि ती निगेटिव्ह आली, तर नागीण सुटली असे होत नाही. प्रतिपिंडे रक्तातून पाझरलेली नसून तिथेच तयार झालेली आहेत, हे दोन्ही नमुन्यांचे प्रमाण ताडून पाहावे लागते. डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूचेही असेच. रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत विषाणू बहुधा नाहीसा झालेला असतो, म्हणून तिथे मेरुद्रवातील आयजीएम प्रतिपिंडे शोधतात.

नंतर "ज्या नळीत". क्षयरोगाचे जंतू मेरुद्रवात विरळ असतात. दोन मिलिलिटरमध्ये न सापडणारा जंतू आठ-दहा मिलिलिटरमध्ये सापडू शकतो. पाणी तेवढे मिळाले, यंत्रात वेगाने फिरवून तळाचा गाळ तपासला आणि जलद जनुकीय चाचणी त्यावर केली, तर यशाची शक्यता वाढते. तरीही ती चाचणी निगेटिव्ह असताना क्षयरोग नाही असे कोणी जाणता डॉक्टर म्हणणार नाही. द्रव माध्यमातील कल्चर, म्हणजे जंतू वाढतो का ते पाहणारी चाचणी, सहा आठवडे ठेवतात, आणि उपचार तोवर थांबवून ठेवता येत नाहीत. अशा वेळी छातीचा सीटी, मानेतली गाठ, मणक्याशेजारचा पू, म्हणजे शरीरात जिथून सहज तुकडा मिळेल तिथून पुरावा गोळा करतात. मज्जारज्जूचा तुकडा काढणे हा शेवटचा आणि नाइलाजाचा मार्ग असतो.

राहिले "जे शोधले". प्रयोगशाळेला शंका कळवली नाही, तर ती नेहमीच्या जंतूंपुरतेच पाहते. ब्रुसेला या जिवाणूचा संशय असेल, तर तसे कागदावर ठळक लिहिणे भागच असते, कारण उघड्या कल्चरमधून तो तिथल्या कर्मचाऱ्यांनाच लागू शकतो.

तुमच्या आईच्या ८० पेशी मात्र नजरेआड करता येणार नाहीत. तितक्या पेशी काहीतरी सांगत आहेत. ते संसर्गाविषयी आहे की प्रतिकारशक्तीच्या बिघाडाविषयी, हे तिच्या डॉक्टरांना विचारताना "पाणी दुखण्याच्या कितव्या दिवशी काढले आणि कोणकोणत्या चाचण्या पाठवल्या" हे दोन प्रश्न जरूर विचारा. आणि पाठीची, बगलेची, नितंबांची त्वचा कोणी नीट पाहिली का, हेही. उमेदवारीच्या काळात एका वृद्धेच्या तपासणीत आम्ही तिघा डॉक्टरांनी दोन दिवस तिच्या पायांकडेच पाहिले. तिसऱ्या दिवशी अंग पुसायला कूस वळवली, तेव्हा परिचारिकेला डाव्या खांद्याखाली सुकत आलेल्या फोडांची अर्धवर्तुळाकार रांग दिसली. सुनेला ती आधीपासून माहीत होती. आम्ही विचारले नव्हते, म्हणून तिने सांगितले नव्हते.

प्रश्न : सर्दी-खोकल्यानंतर आठवड्याभरात पाच वर्षांच्या मुलाचा एक हात गळून पडला. डॉक्टरांनी नाकातला आणि घशातला स्राव घेतला, शिवाय शौचाचे दोन नमुने मागितले. हाताच्या आजाराशी याचा काय संबंध?

उत्तर : संबंध थेट आहे. एंटरोविषाणूंच्या कुळातले काही विषाणू मज्जारज्जूच्या मधल्या करड्या भागातील, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशींवर बसतात. संवेदना बहुधा शाबूत राहते आणि हात किंवा पाय एकाच बाजूने जास्त, लोंबता पडतो. यातला सर्वांत परिचित म्हणजे पोलिओ. २०१४ पासून एंटरोविषाणू डी ६८ हाही चर्चेत आला. अमेरिकेत २०१४, २०१६ आणि २०१८ या वर्षांच्या उत्तरार्धात अशा मुलांची संख्या वाढलेली दिसली. गंमत अशी की, हा विषाणू मेरुद्रवात क्वचितच सापडतो. तो नाकात आणि घशात असतो, तोही सर्दीच्या सुरुवातीच्या दिवसांत, म्हणून तिथला नमुना लवकरात लवकर घ्यावा लागतो. पोलिओचा विषाणू आतड्यात असतो, म्हणून लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतात. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, की आरोग्य खात्याला कळवण्याचा नियम बहुतेक देशांत पाळला जातो. तुमच्या डॉक्टरांनी नेमके हेच केले आहे.

प्रश्न : माझ्या पतीच्या पायांची ताकद कमी होत चालली आहे. डॉक्टरांनी विचारले, परदेशात कुठल्या तळ्यात पोहलात, कच्चे मासे खाल्ले का, न तापवलेले दूध प्यालात का, कधी रक्त चढवले होते का. मला हे सगळे चमत्कारिक वाटले. रोगाशी याचा काही संबंध असतो?

उत्तर : मला विचाराल तर दुर्मीळ संसर्गाच्या निदानातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वगळला जाणारा भाग हाच आहे. प्रश्न चमत्कारिक वाटतात, कारण प्रत्येकामागे एक वेगळा जंतू उभा असतो.

तळ्याचा प्रश्न शिस्टोसोमा या कृमीसाठी आहे. त्याच्या अळ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. आफ्रिकेतील मलावी आणि व्हिक्टोरिया ही सरोवरे त्यासाठी प्रवाशांच्या डॉक्टरांमध्ये प्रसिद्ध आहेत. कृमीची अंडी शिरांमधून वाहत मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी अडकतात आणि तिथे जोरदार सूज येते. कंबर दुखते, पाय कमजोर होतात, लघवी अडते. पोहून आठवडे किंवा महिने उलटून गेलेले असतात, त्यामुळे सुट्टीतली ती एक दुपार रुग्णाला आठवतच नाही. शौचात किंवा लघवीत अंडी मिळाली तर उत्तम, पण मिळाली नाहीत म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही. तेव्हा रक्तातली प्रतिपिंडे, एमआरआयमधली टोकाची सूज आणि तळ्याची हकिकत एकत्र जोडून निदान करतात. प्राझिक्वांटेल हे कृमीचे औषध आणि स्टेरॉइड वेळेवर मिळाले, तर माणूस पुन्हा चालू शकतो. एवढा फरक एका प्रश्नाने पडतो.

कच्च्या, गोड्या पाण्यातल्या माशांचा प्रश्न नॅथोस्टोमा या कृमीच्या अळीसाठी आहे. आग्नेय आशियात तो अधिक आढळतो. त्वचेखाली आज इथे तर परवा तिथे उठणारी सूज, मग एका नसेत असह्य कळ आणि त्यानंतर कमजोरी, अशी त्याची चाल असते. न तापवलेले दूध ब्रुसेलासाठी विचारतात. रक्त चढवल्याचा आणि आईच्या दुधाचा इतिहास एचटीएलव्ही-१ या विषाणूसाठी. कॅरिबियन बेटांवर आणि नैऋत्य जपानमध्ये पाय ताठ होत जाणारा, वर्षानुवर्षे वाढणारा जो आजार दिसत होता, त्याचा या विषाणूशी असलेला संबंध १९८५-८६ मध्ये स्पष्ट झाला. तो बाळगणाऱ्या शंभरातल्या मोजक्याच लोकांना मज्जारज्जूचा त्रास होतो, म्हणून रक्तात प्रतिपिंडे सापडली की काम संपत नाही. बाकीची कारणेही वगळावी लागतात.

आणखी दोन गोष्टी, ज्यांविषयी घरच्यांसमोर विचारले जात नाही. सिफिलिस आणि एचआयव्ही यांची रक्तचाचणी मज्जारज्जूच्या प्रत्येक अस्पष्ट आजारात करावी. ती चारित्र्याची चौकशी नव्हे. सिफिलिस पूर्ण बरा होणारा आजार आहे आणि तो चुकवण्याला कोणतेही निमित्त पुरे पडत नाही. दुसरी गोष्ट फीतकृमीच्या गाठींची. "आम्ही मांस खात नाही, मग आम्हाला कसे होईल?" असे शाकाहारी माणूस विचारतो. या गाठी होतात त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा कृमी असलेल्या माणसाच्या अस्वच्छ हातांतूनही जातात. मज्जारज्जूत त्या मेंदूच्या मानाने फार कमी आढळतात, पण सापडल्या तर मेंदूचाही एमआरआय काढावा, कारण बहुधा तिथेही सोबती असतात.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी आहे. मेरुद्रवातील सगळ्या जनुकीय साखळ्या एकदम वाचणारी चाचणी आता उपलब्ध आहे. मग हे एकेक शोधत बसण्याऐवजी ती पहिल्याच दिवशी का करू नये?

उत्तर : या चाचणीने नाव कमावले ते २०१४ मध्ये. कित्येक महिने आजारी असलेल्या एका १४ वर्षांच्या मुलाच्या मेरुद्रवात तिने लेप्टोस्पायरा हा जिवाणू शोधून काढला आणि साध्या पेनिसिलिनने मुलगा बरा झाला. त्यानंतर २०१९ मध्ये अमेरिकेतील अनेक रुग्णालयांचा मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील २०४ रुग्णांमध्ये मिळून ५८ संसर्ग निश्चित झाले. त्यांपैकी १३ फक्त या चाचणीने पकडले होते, ही तिची बाजू. पण ५८ पैकी २६ तिला सापडलेच नाहीत, आणि मला ती अर्धी गोष्ट अधिक शिकवते. यातले ११ प्रतिपिंडांवरून कळले होते, ७ मेरुद्रवाबाहेरच्या नमुन्यांतून कळले होते, आणि उरलेल्या ८ मध्ये जंतू फारच थोडे होते. म्हणजे जंतू पाण्यात नसेल, तर पाणी कितीही बारकाईने वाचून उपयोग नाही. शिवाय मेरुद्रवात पेशी फार असतील, तर माणसाच्याच जनुकांच्या गर्दीत जंतूचा आवाज बुडतो, आणि त्वचेवरचे किंवा चाचणीच्या रसायनांतले जंतूही यादीत येऊन बसतात. ही यादी वाचायला शेवटी रुग्ण पाहिलेला माणूसच लागतो. म्हणून माझा सल्ला असा की, पहिल्याच दिवशी एक जास्तीची नळी भरून खोल थंडीत ठेवून द्यावी. नेहमीच्या चाचण्या कोऱ्या आल्या, तर पहिल्या दिवशीचे तेच पाणी या चाचणीला पाठवता येते. पंधराव्या दिवशी काढलेल्या पाण्यातून ते परत मिळत नाही.

प्रश्न : निदान व्हायच्या आधीच विषाणूचे औषध, जिवाणूंचे औषध आणि स्टेरॉइड, सगळे एकदम सुरू केले. हे अंधारात बाण मारणे नव्हे का? आणि त्याने रिपोर्ट बिघडत नाहीत का?

उत्तर : जिवाणूंच्या औषधाने कल्चर कोरे येण्याचा धोका खरा आहे. म्हणून रक्ताचे आणि शक्य तर मेरुद्रवाचे नमुने आधी घेऊन मग पहिला डोस देतात. पण पायांची ताकद तासातासाने जात असेल आणि पाणी काढायला उशीर होणार असेल, तर औषध थांबवून ठेवत नाहीत. असायक्लोव्हिर हे नागीण आणि हर्पिसचे औषध पीसीआरचे उत्तर येईपर्यंत चालू ठेवणे, आणि उत्तर व चित्र दोन्ही विरुद्ध गेले की बंद करणे, ही रीतच आहे.

स्टेरॉइडचा प्रश्न नाजूक आहे. प्रतिकारशक्तीच्या बिघाडात ते लवकर दिले तर पाय वाचू शकतात, आणि संसर्ग पूर्ण वगळेपर्यंत थांबलो तर ती वेळ निघून जाते. दुसऱ्या बाजूला, क्षयरोगाच्या आणि काही कर्करोगांच्या सुजेतही स्टेरॉइडने चार दिवस बरे वाटते, आणि "गुण आला म्हणजे निदान बरोबर" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. स्ट्राँगिलॉइडिस नावाची कृमी पोटात असेल, तर स्टेरॉइडखाली ती अंगभर पसरू शकते. आणि मज्जारज्जूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांचा तो चुकीचा जोड, ज्याचा उल्लेख वर आला, त्यात स्टेरॉइडनंतर पाय उलट अधिक गेल्याच्या नोंदी आहेत. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवसांत पाय अधिक गळाले, तर डोस वाढवण्याआधी एमआरआय पुन्हा उघडून मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला नागमोडी काळ्या रेषा दिसतात का ते पाहावे. पहिल्या वाचनात त्या सहज सुटतात.

तुमच्या रुग्णाच्या बाबतीत तीन औषधे एकदम सुरू झाली, यात मला चूक दिसत नाही. त्यातले प्रत्येक कोणत्या रिपोर्टची वाट पाहत आहे आणि तो रिपोर्ट कोणत्या दिवशी यायचा आहे, हे केसपेपरवर लिहिलेले आहे का, तेवढे पाहून घ्या. लिहिलेले नसेल, तर पुढच्या राउंडच्या वेळी विचारा.